विश्लेषण : कोर्टाने निर्दोष सोडले, तरी बेसबॉलने १०० वर्षे दार बंद ठेवले! कोण होता ‘शूलेस जो’ जॅक्सन?

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलचे आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी १३ मे २०२५ रोजी एक निर्णय जाहीर केला. आजीवन बंदी ही नावाप्रमाणेच आयुष्यभरासाठी असते, त्यामुळे बंदी घातलेली व्यक्ती मरण पावली की बंदीही संपते, असा त्या निर्णयाचा अर्थ. एका फटक्यात १७ मृत व्यक्तींची नावे काळ्या यादीतून निघाली. त्यात सप्टेंबर २०२४ मध्ये निधन झालेल्या पीट रोझचे नाव होते, म्हणून जगभर त्याचीच बातमी झाली. पण याच यादीत आणखी एक नाव होते, ज्याच्यावरून अमेरिकेतील बेसबॉलवेडे लोक चार पिढ्या भांडत आले आहेत. ते नाव म्हणजे जोसेफ जेफरसन जॅक्सन, अर्थात ‘शूलेस जो’. त्याच्यावर बंदी आली १९२१ मध्ये आणि त्याचा मृत्यू झाला १९५१ मध्ये. मग इतक्या वर्षांनी त्याच्या नावावर वाद का? त्याने नेमके काय केले होते? आणि त्याला आता हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळेल का? जाणून घेऊ या.

गिरणीतला पोरगा मैदानावर कसा पोहोचला?

जॅक्सनचा जन्म १६ जुलै १८८७ चा, साउथ कॅरोलायना राज्यातल्या पिकन्स परगण्यातला. वडील दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारे. शेतीत भागेना म्हणून कुटुंब कापडगिरणीच्या आश्रयाला आले आणि शेवटी ग्रीनव्हिल शहराजवळच्या ब्रँडन मिलच्या वस्तीत स्थिरावले. गिरणी मालकाची, खोल्या मालकाच्या, दुकानही मालकाचेच. आपल्या गिरणगावात ज्यांचे आजोबा साच्यावर उभे राहिले, त्यांना हे चित्र वेगळे सांगायला नको.

जॅक्सन सहा-सात वर्षांचा असतानाच गिरणीत कामाला लागला. दिवसाला बारा तास काम, केसांत आणि कपड्यांवर कापसाचे तंतू. शहरातले लोक अशा कामगारांना हिणवायचे. शाळेचा प्रश्नच नव्हता. जॅक्सन आयुष्यभर लिहिणे-वाचणे शिकला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण त्याच्या आयुष्यातल्या प्रत्येक वळणावर ती पुन्हा येते.

त्या काळी दक्षिणेतल्या प्रत्येक गिरणीचा आपला बेसबॉल संघ असायचा. कामगार गुंतून राहावेत, वस्तीला अभिमान वाटावा आणि शेजारच्या गिरणीवर कुरघोडी करता यावी, हा मालकांचा हिशेब. मुंबईतल्या गिरण्यांचे कबड्डी संघ आठवा, तसाच हा प्रकार. शनिवारी दुपारी काम थांबले की सगळी वस्ती मैदानावर. जॅक्सन १३ व्या वर्षी मोठ्या माणसांच्या संघात खेळू लागला. सामन्यामागे त्याला अडीच डॉलर मिळत. त्याने चेंडू मैदानाबाहेर भिरकावला की त्याचे भाऊ टोपी घेऊन प्रेक्षकांत फिरत आणि टोपीत नाणी पडत. बेसबॉलचा हौशी खेळ आणि पैशाचा खेळ यांच्यातली रेषा त्याच्यासाठी सुरुवातीपासूनच पुसट होती.

याच वस्तीत त्याला त्याची बॅट मिळाली. चार्ली फर्ग्युसन नावाच्या स्थानिक माणसाने ती लाकडातून घडवली आणि तंबाखूच्या रसाने काळी केली. जॅक्सनने तिचे नाव ठेवले ‘ब्लॅक बेट्सी’. २००१ मध्ये लिलावात या बॅटला ५ लाख ७७ हजार ६१० डॉलर मिळाले.

‘शूलेस’ हे नाव कुठून आले?

१९०८ मध्ये तो ग्रीनव्हिल स्पिनर्स या व्यावसायिक संघाकडून खेळत होता. नवे बूट पायाला चावले, फोड आले. दुसऱ्या दिवशी बूट घालवेनात, म्हणून तो नुसत्या मोज्यांवर फलंदाजीला उतरला. त्याने जोरदार फटका मारला आणि मोज्यांवरच धावत सुटला, तेव्हा प्रतिस्पर्धी संघाच्या एका चाहत्याने त्याला बूट नसलेला म्हणून शिवी हासडली. पत्रकारांनी ती शिवी उचलली. जॅक्सनला हे टोपणनाव कधीच आवडले नाही. असे एकदाच घडले होते, असे तो सांगत राहिला. पण अडाणी, खेडवळ, अनवाणी अशी त्याची जी प्रतिमा शहरी वाचकांना हवी होती, तिला हे नाव चपखल बसत होते.

त्याच वर्षी त्याचे केटी विन हिच्याशी लग्न झाले. केटीला लिहिता-वाचता येत होते. करार, पत्रे, चाहत्यांना द्यायच्या सह्या हे सगळे पुढे तीच सांभाळू लागली. म्हणूनच जॅक्सनच्या स्वतःच्या हातची सही आज अतिशय दुर्मीळ आहे. १९११ च्या एका छायाचित्रावरची त्याची सही २०२१ च्या लिलावात १४ लाख ७० हजार डॉलरला गेली. ज्याला आपले नाव कसेबसे गिरवता यायचे, त्याच्या सहीला ही किंमत!

तो खरेच इतका मोठा खेळाडू होता का?

होय. फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्सचे व्यवस्थापक कॉनी मॅक यांनी १९०८ मध्ये त्याला मोठ्या शहरात आणले. पण तिथे तो बावरला. सहकारी थट्टा करायचे. हॉटेलात मेन्यू वाचता येत नसे म्हणून शेजारचा काय मागवतो ते ऐकून तो तेच मागवी, असे सांगतात. मॅक यांनी शिकवणी लावून देण्याची तयारी दाखवली, जॅक्सनने नकार दिला. दोन हंगामांत मिळून जेमतेम दहा सामने खेळून तो १९१० मध्ये क्लीव्हलँडकडे गेला. आणि तिथे त्याची बॅट बोलू लागली.

इथे एक छोटे गणित समजून घ्यावे लागेल. बेसबॉलमधली फलंदाजीची सरासरी क्रिकेटसारखी नसते. मोजल्या जाणाऱ्या संधींपैकी किती वेळा फलंदाज फटका मारून सुखरूप बेसवर पोहोचला, हा तो भागाकार. दहापैकी तीनदा जमले, म्हणजे सरासरी ०.३०० झाली, तर खेळाडू उत्तम समजला जातो. १९११ मध्ये, आपल्या पहिल्याच पूर्ण हंगामात जॅक्सनची सरासरी होती ०.४०८. तरीही तो पहिला आला नाही, कारण त्या वर्षी टाय कॉबने ०.४२० ची सरासरी राखली. जॅक्सनने त्या हंगामात २३३ हिट मारले. नवोदित खेळाडूचा हा विक्रम तब्बल ९० वर्षे टिकला. २००१ मध्ये जपानच्या इचिरो सुझुकीने तो मोडला. तोच इचिरो २०२५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाला.

जॅक्सनची कारकिर्दीतली सरासरी ०.३५६. बेसबॉलच्या संपूर्ण इतिहासात याहून चांगली सरासरी असलेले फलंदाज एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. बेब रूथने आपली बॅट फिरवण्याची पद्धत जॅक्सनकडे बघून घडवली, हे रूथनेच सांगून ठेवले आहे.

१९१५ मध्ये क्लीव्हलँडच्या मालकाला पैशांची चणचण भासली आणि त्याने जॅक्सनला शिकागो व्हाइट सॉक्सला विकले. १९१७ मध्ये व्हाइट सॉक्सने वर्ल्ड सिरीज जिंकली. १९१८ मध्ये पहिल्या महायुद्धासाठी सक्तीची भरती सुरू असताना जॅक्सनने जहाजबांधणीच्या कारखान्यात काम पत्करले आणि तिथल्या संघाकडून खेळला. लढाई टाळली म्हणून वृत्तपत्रांनी त्याच्यावर सडकून टीका केली. त्याच्या नावाला पहिला डाग लागला तो इथे.

१९१९ मध्ये नेमके काय घडले?

त्या वर्षी वर्ल्ड सिरीजमध्ये व्हाइट सॉक्ससमोर सिनसिनाटी रेड्सचा संघ होता. नऊ सामन्यांची मालिका, पाच जिंकणारा विजेता. व्हाइट सॉक्सचे पारडे जड मानले जात होते. पण मालिकेआधीच संघातला फर्स्ट बेसमन चिक गँडिल आणि काही सहकारी सट्टेबाजांशी हातमिळवणी करून बसले होते. पहिल्या सामन्यात पिचर एडी सिकॉटने रेड्सच्या पहिल्याच फलंदाजाच्या अंगावर चेंडू मारला. सौदा पक्का झाल्याची ती खूण होती. रेड्सने मालिका ५-३ अशी जिंकली.

मालक चार्ल्स कोमिस्की कंजूष होता, त्यामुळे खेळाडू विकले गेले, अशी कथा चित्रपटांनी लोकप्रिय केली. ती अर्धीच खरी. नंतरच्या संशोधनातून दिसले की, व्हाइट सॉक्सचा एकूण पगारखर्च तेव्हाच्या वरच्या संघांमध्ये होता. मात्र पैशांची वाटणी विषम होती. महाविद्यालयात शिकलेला सेकंड बेसमन एडी कॉलिन्स वर्षाला सुमारे १५ हजार डॉलर घेई, तर जॅक्सनला ६ हजार मिळत. शिवाय तेव्हाच्या नियमानुसार खेळाडूला संघ सोडून दुसरीकडे जाता येत नसे. वाचता न येणारा माणूस पगाराची घासाघीस कशी करणार?

जॅक्सनला २० हजार डॉलर कबूल झाले होते. हातात आले ५ हजार. चौथ्या सामन्यानंतर सहकारी पिचर लेफ्टी विल्यम्सने हॉटेलच्या खोलीत पाकीट आणून दिले. म्हणजे जवळपास दहा महिन्यांचा पगार एका पाकिटात. हे पैसे त्याने परत केले नाहीत. मालिकेनंतर त्याच्या वतीने केटीने कोमिस्कीशी पत्रव्यवहार केला, पण त्यातून काही निष्पन्न झाले नाही. प्रकरण वर्षभर दडून राहिले आणि १९२० च्या हंगामात जॅक्सन ०.३८२ च्या सरासरीने खेळत राहिला.

मग त्याने सामने मुद्दाम हरले का?

वादाचे मूळ इथे आहे. आकडे दोन्ही बाजूंना दारूगोळा पुरवतात.

समर्थकांचे म्हणणे : त्या मालिकेत जॅक्सनने ३२ पैकी १२ वेळा हिट मारले. सरासरी ०.३७५. १२ हिट हा तेव्हा वर्ल्ड सिरीजचा विक्रम होता. मालिकेतला एकमेव होमरन त्याचाच. क्षेत्ररक्षणात त्याच्या नावावर एकही चूक नोंदली गेली नाही. हरायला उतरलेला माणूस असा खेळेल का?

विरोधकांचे म्हणणे : हेच आकडे सुटे करून पाहा. व्हाइट सॉक्सने जिंकलेल्या तीन सामन्यांत त्याने ११ पैकी ६ हिट मारले, म्हणजे सरासरी ०.५४५. हरलेल्या पाच सामन्यांत २१ पैकी ६, म्हणजे ०.२८६. पहिल्या पाच सामन्यांत त्याच्या फटक्यावर संघाची एकही धाव आली नाही. आणि तो एकमेव होमरन आला शेवटच्या सामन्यात, रेड्स ५-० ने पुढे असताना.

पण खरे सांगायचे तर आठ सामन्यांच्या आकड्यांवरून कुणाचे मन वाचता येत नाही. नमुना फारच लहान आहे. चांगले फलंदाजही पाच सामने शांत राहतात. त्यामुळे आकड्यांपेक्षा त्या पाकिटाचा प्रश्न जास्त महत्त्वाचा ठरतो.

कोर्टाने सोडले, तरी बंदी कशी?

सप्टेंबर १९२० मध्ये शिकागोत ग्रँड ज्युरीपुढे चौकशी सुरू झाली. २८ सप्टेंबरला आधी सिकॉटने आणि मग जॅक्सनने जबानी दिली. जॅक्सनला सल्ला देणारा वकील प्रत्यक्षात कोमिस्कीचा होता. स्वतःच्या कायदेशीर संरक्षणावर पाणी सोडणाऱ्या ज्या कागदावर जॅक्सनने सही केली, तो कागद त्याला वाचताही येत नव्हता. जबानीत त्याने पैसे घेतल्याचे मान्य केले. मात्र मैदानावर आपण जिंकण्यासाठीच खेळलो, असेही सांगितले.

कोर्टाच्या पायऱ्यांवर एका लहान मुलाने रडवेल्या आवाजात हे खोटे असल्याचे सांग, अशी जॅक्सनला विनवणी केली, हा किस्सा अमेरिकेत म्हणीसारखा प्रसिद्ध आहे. असे काही घडलेच नव्हते, असे जॅक्सनने पुढे स्पष्ट केले. पण हा किस्सा टिकला, कारण फसवणूक झालेल्या चाहत्याची वेदना त्यात नेमकी उतरली आहे.

१९२१ च्या उन्हाळ्यात खटला चालला. ग्रँड ज्युरीपुढच्या जबान्यांचे कागद गहाळ झाले होते. मुद्दाम सामना हरणे हा स्वतंत्र गुन्हाही इलिनॉय राज्यात तेव्हा नव्हता, त्यामुळे फसवणुकीचा कट सिद्ध करावा लागणार होता. २ ऑगस्टला ज्युरीने तीन तासांच्या आत सर्वांना निर्दोष ठरवले.

ही सुटका एकच दिवस टिकली. ३ ऑगस्टला बेसबॉलचे पहिले आयुक्त, माजी न्यायाधीश केनेसॉ माउंटन लँडिस यांनी आठही जणांना कायमचे बाहेर काढले. ज्युरीचा निकाल काहीही असो, जो सामना विकतो किंवा जो अशा बैठकीत बसून गप्प राहतो, तो पुन्हा व्यावसायिक बेसबॉल खेळणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. क्रिकेटमध्येही कोर्टाने सोडले, पण बोर्डाची बंदी उठली नाही, असे आपण पाहिले आहे. कोर्ट गुन्हा पाहते, खेळाची संघटना विश्वास पाहते.

या आठ जणांत बक वीव्हरही होता. त्याला कट माहीत होता, पण त्याने एक डॉलरही घेतला नाही. त्यालाही तीच शिक्षा झाली. जॅक्सनच्या बाजूने बोलताना चाहते वीव्हरला अनेकदा विसरतात. अन्याय मोजायचाच, तर त्याचा अन्याय अधिक मोठा आहे.

१९२४ मध्ये जॅक्सनने थकीत पगारासाठी व्हाइट सॉक्सवर मिलवॉकीत दावा लावला. गहाळ झालेली जबानी तेव्हा कोमिस्कीच्या वकिलांकडून अचानक उगवली! ज्युरीने जॅक्सनच्या बाजूने कौल दिला. पण आता दिलेली साक्ष आणि आधीची जबानी एकमेकींशी जुळत नव्हत्या. न्यायाधीशांनी त्याच्यावर खोट्या साक्षीचा ठपका ठेवला आणि ज्युरीचा कौल रद्द केला. त्यामुळे जॅक्सनला साधाभोळा बळी ठरवणाऱ्यांपुढे हा खटला नेहमी अडचण उभी करतो.

बंदीनंतर त्याने काय केले?

तो खेळत राहिला. कधी नाव बदलून, कधी उघडपणे, लहान गावांच्या संघांकडून. १९२३ मध्ये तो जॉर्जियातल्या अमेरिकस गावाकडून खेळला. बंदी असलेल्यांसोबत खेळणाऱ्यावरही कारवाईची टांगती तलवार असे, तरी लोक त्याला बोलवत आणि मैदाने भरत. सव्हाना शहरात त्याने आणि केटीने कपडे धुण्याचा आणि इस्त्रीचा व्यवसाय चांगला चालवला. १९३० च्या दशकात दोघे ग्रीनव्हिलला परतले. चाळिशी उलटल्यावरही तो गिरण्यांच्या संघांत दिसे. जिथून सुरुवात केली, तिथेच तो परत आला होता. स्थानिक संघाचे व्यवस्थापन त्याला करू द्यावे, म्हणून शहराच्या महापौरांनी लँडिस यांना साकडे घातले. उत्तर नकारार्थी आले.

पुढे त्याने दारूचे दुकान काढले. एकदा टाय कॉब दुकानात आला. जॅक्सनने ओळख दाखवली नाही. कॉबने कारण विचारले, तेव्हा आपल्याला ओळख दाखवणे कॉबला आवडेल की नाही याची खात्री नव्हती, असे जॅक्सनने सांगितल्याचा किस्सा आजही सांगितला जातो.

वस्तीतल्या मुलांना तो बॅट कशी धरायची ते शिकवत असे. त्याला स्वतःचे मूल नव्हते. १९५१ मध्ये क्लीव्हलँडने आपल्या क्लबच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड केली. त्यानिमित्त डिसेंबरमध्ये टीव्हीवरील एका कार्यक्रमात तो झळकणार होता. त्याआधीच, ५ डिसेंबर १९५१ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्याचा मृत्यू झाला. वय ६४.

हॉल ऑफ फेमचे दार आजवर का उघडले नाही?

न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन गावात हा हॉल आहे. पहिली निवड १९३६ मध्ये झाली. तेव्हा बंदीवाल्यांना मनाई करणारा लेखी नियम नव्हता. तरीही मतदान करणाऱ्या पत्रकारांपैकी फक्त दोघांनी जॅक्सनला मत दिले. १९४६ मध्येही दोनच. लेखी नियम आला १९९१ मध्ये, तोही पीट रोझला रोखण्यासाठी. त्याच्या फटक्यात जॅक्सनही आला.

चाहते मात्र थांबले नाहीत. १९८९ च्या ‘फील्ड ऑफ ड्रीम्स’ चित्रपटाने नव्या पिढीला जॅक्सनची ओळख करून दिली. चित्रपटात तो उजव्या हाताने फलंदाजी करतो, खरा जॅक्सन डावखुरा होता, हे सांगितल्याशिवाय अस्सल बेसबॉलप्रेमी पुढे जात नाही. महान फलंदाज टेड विल्यम्स यांनी त्याच्यासाठी मोहीम चालवली. १९९९ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने त्याच्या सन्मानाची शिफारस करणारा ठराव केला. ग्रीनव्हिलमध्ये त्याचा पुतळा आहे. त्याचे घर आता संग्रहालय आहे आणि त्या घराला क्रमांक दिला गेला ३५६.

आता पुढे काय?

बंदी उठली म्हणजे सन्मान मिळाला असे नाही. १९८० पूर्वीच्या खेळाडूंचा विचार करणारी समिती डिसेंबर २०२७ मध्ये बसेल. त्याआधी दुसरी एक समिती आठ नावे निवडेल. त्या आठांत जॅक्सन आला, तर १६ पैकी १२ मते लागतील. पाच मतेही मिळाली नाहीत, तर पुढच्या फेरीत त्याचे नाव विचारात घेतले जाणार नाही.

त्या १६ जणांपुढे प्रश्न सोपा नसेल. त्याच्या खेळाबद्दल कुणालाच शंका नाही. त्याने पैसे घेतले, याबद्दलही नाही. तो गरीब होता, निरक्षर होता, त्याला योग्य सल्ला मिळाला नाही, हे खरे. पण त्याच गिरण्यांतून आलेले शेकडो निरक्षर खेळाडू विकले गेले नाहीत, हेही खरे. दुसरीकडे, ज्या सट्टेबाजांनी पैसा ओतला, त्यांचा सूत्रधार म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, त्या अर्नोल्ड रॉथस्टीनवर कधी आरोपपत्रही दाखल झाले नाही. आणि कोमिस्की? तो १९३९ मध्येच हॉल ऑफ फेममध्ये गेला.

शंभर वर्षांची शिक्षा पुरेशी मानायची की सामना विकण्याला माफी नाही हा संदेश जपायचा, हे डिसेंबर २०२७ मध्ये कळेल. तोवर कूपर्सटाउनच्या संग्रहालयात जॅक्सनची एक वस्तू मात्र आधीच जपून ठेवलेली आहे : त्याचे बूट.